येळवसची आंबील खरंच 'प्रोबायोटिक' आहे का? पोटातले जिवाणू आणि धाराशिवचं ताट

मार्गशीर्ष अमावस्येला धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतली गावं ओस पडतात आणि शेतं माणसांनी भरतात. रब्बीची ज्वारी उभी असते, कडब्याची कोप बांधलेली असते, आत पांडवांची पूजा मांडलेली असते. येईल त्याला जेवायला बसवलं जातं. ताटात भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि पोटभर आंबील. ही येळवस, म्हणजेच वेळ अमावस्या.

या दिवशी शेतातल्या पंगतींचे फोटो आणि रील्स मोबाईलवर फिरू लागतात. त्याच मोबाईलवर वर्षभर दुसरंही काही फिरत असतं: 'गट हेल्थ'चे व्हिडिओ, प्रोबायोटिक कॅप्सूलच्या जाहिराती, घरबसल्या पोटातल्या जिवाणूंची टेस्ट, सात दिवसांत आतडी साफ करण्याचे उपाय. या दोन गोष्टी एकत्र आल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'आपली आंबील म्हणजे नैसर्गिक प्रोबायोटिक.'

हे खरं आहे का? थोडं खरं आहे. पण जे खरं आहे ते आंबिलीपुरतं नाही. त्याचा संबंध रोजच्या ताटाशी, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांशी आणि अंगणवाडीत वजन काट्यावर बसवल्या जाणाऱ्या मुलांशीही आहे.

मायक्रोबायोम म्हणजे नेमकं काय?

माणसाच्या शरीरात आणि शरीरावर असंख्य सूक्ष्मजीव राहतात. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. जिवाणू, विषाणू, बुरशी आणि त्यांची जनुकं या सगळ्याला मिळून 'मायक्रोबायोम' म्हणतात.

'तुमच्या शरीरात पेशींपेक्षा दहापट जिवाणू आहेत' हे वाक्य अनेकांनी वाचलं असेल. ते चूक आहे. २०१६ मध्ये इस्रायल आणि कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी हा हिशोब नव्याने मांडला. ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि सुमारे ३० लाख कोटी मानवी पेशी असतात, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे दोन्हींची संख्या जवळपास सारखी. या सगळ्या जिवाणूंचं वजन भरतं साधारण पावशेराच्या आत, २०० ग्रॅम.

हे जिवाणू करतात काय?

ज्वारीचा कोंडा, डाळीची साल, पालेभाजीच्या शिरा यातलं तंतुमय अन्न, म्हणजे फायबर, आपल्याला स्वतःला पचवता येत नाही. ते लहान आतड्यातून तसंच पुढे जातं. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून काही छोटी आम्लं तयार होतात. त्यातलं एक ब्युटिरेट. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं ते मुख्य इंधन आहे.

याशिवाय काही जिवाणू के आणि ब गटातली जीवनसत्त्वं तयार करतात. घातक जिवाणूंना जागा मिळू देत नाहीत. लहानपणी रोगप्रतिकारक यंत्रणेला 'कुणाशी भांडायचं आणि कुणाशी नाही' हे शिकवण्यात त्यांचा वाटा असतो.

थोडक्यात, आपण जेवतो तेव्हा त्यातला एक वाटा या जिवाणूंचा असतो. ताटात फायबरच नसेल तर ते उपाशी राहतात. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं आहे की, फायबर मिळालं नाही तर काही जिवाणू आतड्याच्या आतला संरक्षक बुळबुळीत थरच खाऊ लागतात.

भारतीयांचं पोट वेगळं आहे का?

मायक्रोबायोमवरचं बरंचसं संशोधन अमेरिका आणि युरोपातल्या लोकांवर झालं आहे. आपल्याकडे या विषयात सुरुवातीपासून काम करणाऱ्या संस्थांपैकी एक पुण्यात आहे: नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स, म्हणजे एनसीसीएस. तिथले शास्त्रज्ञ डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक वेगळा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी दोन एकत्र कुटुंबं घेतली. एकाच छताखाली राहणारी, एकाच चुलीवरचं खाणारी आजी-आजोबा, आई-वडील आणि नातवंडं अशा तीन पिढ्या. घर एक असलं तरी वयानुसार पोटातल्या जिवाणूंचं प्रमाण बदलतं, असं त्यात दिसलं. इतर देशांतल्या लोकांपेक्षा हे चित्र वेगळं होतं.

२०१६ मध्ये याच संस्थेच्या गटाने ३४ निरोगी भारतीयांच्या नमुन्यांची तुलना इतर देशांतल्या लोकांशी केली. भारतीयांमध्ये 'प्रिव्होटेला' आणि 'मेगास्फेरा' हे जिवाणू ठळकपणे जास्त आढळले. प्रिव्होटेला साधारणपणे धान्य, डाळी, भाज्या खाणाऱ्या लोकांत जास्त दिसतो.

पण 'भारतीय पोट' असं एकच काही नसतं. २०१९ मध्ये भोपाळच्या आयसर या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी भोपाळ आणि केरळमधल्या मिळून ११० निरोगी लोकांचा अभ्यास केला. भोपाळकडच्या, मुख्यतः शाकाहारी लोकांमध्ये प्रिव्होटेलाचं राज्य होतं. भात, मासे, मांस खाणाऱ्या केरळी लोकांत जिवाणूंचं मिश्रण वेगळं होतं. एकाच देशात ताट बदललं की आतलं गाव बदलतं.

जागा बदलली तरी तेच होतं. थायलंडमधून अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या ह्मोंग आणि कारेन समाजातल्या महिलांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत आल्यावर काही महिन्यांतच त्यांच्या पोटातल्या जिवाणूंची विविधता कमी होऊ लागली होती. फायबर पचवणारे जिवाणू आणि त्यांची एन्झाइम्स हळूहळू हरवत गेली. जितकी वर्षं जास्त, तितका बदल जास्त.

मग आंबील 'प्रोबायोटिक' आहे का?

शास्त्रीय भाषेत, नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये प्रोबायोटिकची व्याख्या केली: पुरेशा प्रमाणात घेतल्यावर आरोग्याला फायदा करून देणारे जिवंत सूक्ष्मजीव. म्हणजे जिवाणू कोणता, किती आणि त्याने फायदा कशात होतो, हे तपासलेलं असावं लागतं. घरच्या आंबिलीत कोणते जिवाणू आहेत हे घरागणिक, ताकागणिक बदलतं.

शिवाय कृतीवरही बरंच अवलंबून आहे. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून रात्रभर ठेवलं आणि सकाळी शिजवलं, तर आंबवताना वाढलेले बहुतेक जिवाणू उष्णतेने मरतात. शिजवून गार झाल्यावर वरून ताजं ताक घातलं आणि मातीच्या बिंदग्यात मुरू दिलं, तर जिवंत जिवाणू पोटात जातात.

पण 'प्रोबायोटिक नाही' म्हणजे 'निरुपयोगी' असं नव्हे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२१ मध्ये ३६ निरोगी प्रौढांवर केलेला प्रयोग इथे महत्त्वाचा आहे. दहा आठवडे एका गटाने दही, केफिर, किमची असे आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले. दुसऱ्या गटाने फायबर वाढवलं. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या पोटातली जिवाणूंची विविधता वाढली आणि शरीरातल्या दाहाशी संबंधित १९ प्रथिनांचं प्रमाण कमी झालं. फायबरच्या गटात मात्र इतक्या कमी काळात विविधता वाढली नाही. जिवाणूच हरवलेले असतील तर नुसतं खाद्य टाकून ते लगेच परत येत नाहीत, अशी एक शक्यता संशोधकांनी मांडली.

प्रयोग छोटा होता, त्यात आंबील नव्हती. पण त्यातून निघणारी गोष्ट सोपी आहे. फायदा झाला तो रोज, दहा आठवडे खाल्ल्यावर. वर्षातून एकदा शेतात बसून प्यायलेली आंबील हा सण आहे, उपचार नाही. खरा प्रश्न उरलेल्या ३६४ दिवसांचा आहे.

येळवसच्या ताटातली त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भज्जी. त्यात तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे असतात, मेथी-पालक-चुका असतो, कांद्याची पात, चिंच, बेसन असतं. एका भाजीत दहा-पंधरा वनस्पती. जिवाणूंना वेगवेगळ्या प्रकारचं फायबर लागतं, असं शास्त्रज्ञ सांगतात, ते हेच.

ताटात काय बदललं?

धाराशिव हा अवर्षणाचा जिल्हा. २०१८ मध्ये केंद्राने निवडलेल्या 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे होते, त्यात नंदुरबार, वाशिम, गडचिरोलीसोबत तेव्हाचं उस्मानाबाद होतं. कमी पाण्यात येणारी रब्बी ज्वारी इथलं मुख्य अन्न, आणि तिचा कडबा जनावरांचं.

गेल्या दोन-तीन दशकांत मराठवाड्याच्या खरिपात सोयाबीन पसरलं. ते नगदी पीक आहे, पण गावातल्या ताटात येत नाही, थेट आडतीवर जातं. ज्वारी काढायला माणसं मिळत नाहीत, भावाची खात्री नाही. रेशनवर मुख्यतः गहू आणि तांदूळ मिळतो. भूम, परंडा, कळंब, वाशी भागातली अनेक कुटुंबं ऊसतोडीला जातात तेव्हा महिनोनमहिने फडावर जे जमेल ते शिजवतात. आणि पाच-दहा रुपयांचं बिस्किट, खारी, कुरकुऱ्यांचं पाकीट वाडी-तांड्यावरच्या दुकानातही मिळतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'ज्वारी चांगली, गहू वाईट' असं फायबरच्या बाबतीत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅममागे फायबर साधारण असं आहे:

- ज्वारी: १० ग्रॅम
- गव्हाचं पीठ (कोंड्यासकट): ११ ग्रॅम
- बाजरी: ११ ग्रॅम
- पॉलिश केलेला तांदूळ: ३ ग्रॅमपेक्षा कमी
- मैदा: ३ ग्रॅमपेक्षा कमी
- तूरडाळ: ९ ग्रॅम
- अख्खा हरभरा: २५ ग्रॅम

म्हणजे भाकरीऐवजी चपाती खाल्ली तर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते भाकरी-चपातीच्या जागी मैदा आणि पांढरा भात आला, डाळ पातळ झाली आणि उसळ, पालेभाजी ताटातून गेली की. हरभरा धाराशिवच्या रानात पिकतो. तो घरात किती उरतो, हा प्रश्न आहे.

कुपोषणाशी याचा काय संबंध?

हा या विषयातला सगळ्यात गंभीर भाग आहे, आणि रील्समध्ये तो जवळजवळ नसतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने बारीक होती. अनेकदा आहार वाढवूनही मूल हवं तसं बाळसं धरत नाही. असं का?

बांगलादेशातल्या मुलांवर झालेल्या संशोधनातून याचं एक उत्तर समोर आलं. अमेरिकेतले शास्त्रज्ञ जेफ्री गॉर्डन आणि ढाक्यातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की, तीव्र कुपोषित मुलांच्या पोटातले जिवाणू त्यांच्या वयाच्या मानाने 'लहान' राहिलेले असतात. मूल दीड वर्षाचं, पण पोटातलं जिवाणूंचं गाव त्याहून कमी वयाच्या बाळासारखं. पोषक आहार दिल्यावर सुधारणा होते, पण ती टिकत नाही.

मग त्यांनी जिवाणूंना वाढवणारा आहार तयार केला. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ढाक्याच्या मिरपूर वस्तीतल्या १२ ते १८ महिन्यांच्या १२३ मुलांपैकी काहींना तीन महिने हा आहार दिला, काहींना नेहमीचा तयार पूरक आहार. नव्या आहारात कॅलरी कमी होत्या. तरीही त्या मुलांची वजनवाढ अधिक चांगली झाली.

आणि त्या आहारात होतं काय? हरभऱ्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाण्याचा लगदा आणि कच्ची केळी. सोबत जीवनसत्त्वं आणि खनिजं.

यातली पहिली दोन पिकं धाराशिवच्या शिवारात ढिगाने निघतात, शेंगदाणा तर घराघरात असतो. याचा अर्थ घरी सोयाबीन दळून बाळाला भरवावं असा नाही. तो आहार ठरावीक प्रमाणात, तपासून, प्रक्रिया करून बनवलेला होता आणि अभ्यास एका वस्तीपुरता होता. पण कुपोषणावरचा उपाय म्हणजे फक्त जास्त कॅलरी, हे गणित अपुरं आहे, एवढं त्यातून कळतं. अंगणवाडीतून मिळणाऱ्या पाकिटात किती कॅलरी आहेत यासोबतच ती कशातून येतात, हे विचारण्याची वेळ आली आहे.

आणखी एक गोष्ट. वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाच्या पोटात चांगले जिवाणू टिकत नाहीत. त्यामुळे टँकरचं पाणी उकळून किंवा निर्जंतुक करून पिणं, शौचालयाचा वापर, हात धुणं हाही मायक्रोबायोमचाच विषय आहे. जुलाब झाल्यास ओआरएस आणि झिंक हेच पहिलं औषध.

अँटिबायोटिकने काय होतं?

सर्दी झाली, घसा धरला की मेडिकलमधून दोन गोळ्या घ्यायच्या, बरं वाटलं की बंद करायच्या. ही सवय गावात आहे तशीच शहरातही आहे. सर्दी-फ्लू बहुतेक वेळा विषाणूमुळे होतो आणि अँटिबायोटिक विषाणूवर चालतच नाही. ते मारतं पोटातल्या जिवाणूंना.

डेन्मार्कमध्ये १२ निरोगी तरुणांना चार दिवस तीव्र अँटिबायोटिक्स देऊन त्यांच्या पोटातल्या जिवाणूंवर लक्ष ठेवलं गेलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की, दीड महिन्यात बरीचशी भरपाई झाली. पण आधी सर्वांमध्ये असलेले नऊ प्रकारचे जिवाणू सहा महिन्यांनंतरही बहुतेकांमध्ये परतले नव्हते.

न्यूमोनिया, टायफॉइड, सेप्सिस अशा आजारांत अँटिबायोटिक जीव वाचवतं. तिथे टाळाटाळ करणं धोक्याचं आहे. प्रश्न विनाकारण घेतलेल्या गोळ्यांचा आहे. भारतात २०१४ पासून 'शेड्यूल एच१' लागू आहे. त्यातली अँटिबायोटिक्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराला विक्रीची नोंद ठेवावी लागते. २०१६ पासून सरकारने 'लाल रेघ' ही जनजागृती मोहीमही राबवली. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, तर चिठ्ठीशिवाय ती गोळी घ्यायची नाही.

कॅप्सूल आणि टेस्टचं काय?

मधुमेह, लठ्ठपणा, आतड्यांचे दाहजन्य आजार, नैराश्य अशा अनेक आजारांत पोटातले जिवाणू बदललेले दिसतात. एनसीसीएसच्या गटानेही २०१७ मध्ये भारतीय मधुमेही रुग्णांमध्ये असे बदल नोंदवले. पण बदल दिसला म्हणजे तोच आजाराचं कारण आहे, असं सिद्ध होत नाही. आजारामुळे किंवा औषधांमुळेही जिवाणू बदलतात. 'चांगला जिवाणू, वाईट जिवाणू' अशी सरळ वाटणीही होत नाही. भारतीयांमध्ये सर्रास आढळणाऱ्या प्रिव्होटेलाचा एक प्रकार काही अभ्यासांत संधिवाताच्या रुग्णांमध्ये जास्त सापडला आहे.

ठोस पुरावा असलेली उदाहरणं मोजकी आहेत. अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या 'सी. डिफिसिल' या जीवघेण्या संसर्गात निरोगी माणसाच्या मलातले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडतात. २०१३ च्या डच चाचणीत १६ पैकी १३ रुग्ण एकाच वेळेत बरे झाले. नेहमीच्या औषधाने १३ पैकी ४. दुसरं उदाहरण ओडिशाचं. तिथे ४,५५६ नवजात बाळांवर झालेल्या चाचणीत एक विशिष्ट जिवाणू आणि त्याचं खाद्य एकत्र दिल्यावर सेप्सिस आणि मृत्यूचं एकत्रित प्रमाण ४० टक्क्यांनी कमी झालं. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पण फायदा त्या एका जिवाणूचा होता, दुकानातल्या कुठल्याही 'प्रोबायोटिक'चा नव्हे.

उलट, अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट केलं की, बहुतेक पोटविकारांत प्रोबायोटिकची शिफारस करण्याइतका पुरावा नाही. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात तर अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या पोटातले मूळ जिवाणू परतायला उलट उशीर लागला.

घरबसल्या होणाऱ्या मायक्रोबायोम टेस्टबद्दलही आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये सावध केलं आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ही टेस्ट करू नये, कारण तिच्या आधारे उपचार ठरवण्याइतकं ज्ञान अजून नाही. काही हजार रुपयांचा रिपोर्ट शेवटी जे सांगतो, ते बहुतेकदा 'भाज्या आणि डाळी खा' एवढंच असतं.

मग करायचं काय?

- आठवड्यात जितक्या वेगवेगळ्या डाळी, उसळी, पालेभाज्या, धान्यं जमतील तितकी आलटून-पालटून खा.
- जेवणात घरचं ताक किंवा दही असू द्या.
- फायबर एकदम वाढवलं तर गॅस होतो, त्यामुळे हळूहळू वाढवा आणि पाणी पुरेसं प्या.
- लाल रेघ असलेली गोळी चिठ्ठीशिवाय घेऊ नका. डॉक्टरांनी दिलेली मात्रा स्वतःहून बदलू नका.
- शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, लांबलेले जुलाब, अशा वेळी आंबीलही नको आणि कॅप्सूलही नको. थेट डॉक्टरांकडे जा.

हे सगळं व्यक्तीच्या हातातलं झालं. पण ताट फक्त इच्छेने भरत नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, ज्वारीला 'श्री अन्न' म्हटलं गेलं. शहरातल्या मॉलमध्ये ज्वारीची बिस्किटं आणि कुकीज आल्या. ज्या जिल्ह्यात ती पिकते, तिथल्या शेतकऱ्याला ती पेरणं परवडतं का, रेशनच्या पिशवीत ती आणि तिच्यासोबत डाळ नियमित येते का, फडावर जाणाऱ्या कुटुंबाच्या लेकराला उसळ मिळते का, यावर धाराशिवकरांच्या पोटाचं आरोग्य ठरणार आहे. कॅप्सूल विकत घेणारा माणूस आपल्यापुरतं बघू शकतो. अंगणवाडीतल्या मुलाच्या ताटात काय यावं, हे मात्र धोरण ठरवतं.